चेअरमनसाहेबांचा डावा हात

माणसाला चेहरा निसर्गानं दिला. पण कुणाचा चेहरा केवढा असावा हे ठरवायला माणसाला फ्लेक्सचा शोध लावावा लागला. ह्या शोधानं ग्रामीण जीवनात जी शिस्त आणली ती आधीच्या कुठल्याही कायद्याला आणता आली नव्हती. साधा वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. सगळ्यात वर, गोलात, दिवंगत वंदनीय. त्याखाली मोठे नेते, मग जिल्ह्याचे, मग तालुक्याचे. मधोमध काळा चष्मा लावून ज्यांचा वाढदिवस ते. आणि तळाला शुभेच्छुक, पासपोर्ट आकारात, खांद्याला खांदा लावून. तळाचा फोटो बोटभर लहान झाला म्हणून गेल्या पाच वर्षांत एकट्या हिंगणमळा गावात दोन गट फुटले, एक साखरपुडा मोडला आणि एका कार्यकर्त्यानं रागाच्या भरात स्वतःच्या वाढदिवसाचा असा फ्लेक्स लावला, ज्यावर शुभेच्छुकही तोच होता.

हिंगणमळा म्हणजे यवतहून वरवंडकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की जे गाव लागतं ते. तिथला सुभान पेंटर हा ह्या शोधाचा पहिला बळी. (मेला नाही. नुसता बेकार झाला.) एकतीस वर्षं त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, किराणा दुकानांच्या पाट्या आणि शाळेच्या भिंतीवरचे पाढे रंगवले. फ्लेक्स आला आणि त्याच्याकडे दोनच कामं उरली: गाड्यांचे नंबर आणि ‘येथे थुंकू नये’. दुसरं काम तो मन लावून करायचा. लोक ते वाचायला थांबायचे आणि थांबल्यावर थुंकायचे.

शिडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला लोकांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. त्याला दिसतात टाळू, खांदे आणि चाल. सुभानला अख्खं गाव पाठमोरं ओळखू यायचं. कोण रागात चाललंय, कुणाचं दुखतंय, कोण उगाच घाईत असल्याचं दाखवतंय, हे त्याला वरून बरोबर कळायचं. एकदा तरी हे सगळं भिंतीवर उतरवावं, नाक-डोळे न काढता, नुसती चाल आणि तिच्यातला जीव, एवढीच त्याची हौस होती. पण चाल कुणाच्या दुकानाच्या पाटीवर लागत नाही, त्यामुळे ती तशीच राहिली.

आणि मग वरून परिपत्रक आलं.

गावच्या दूध संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि नेमक्या त्याच सुमाराला निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. आचारसंहितेत नेत्यांचे चेहरे झाकावे लागतात. हिंगणमळ्यात तेव्हा इतके चेहरे झाकले गेले की परगावच्या पाहुण्याला गाव कुणाचं आहे तेच कळेना. अशा वेळी ‘बोलकी भिंत’ नावाच्या उपक्रमाचं परिपत्रक संस्थेचे सेक्रेटरी सत्यजीत यांच्या टेबलावर आलं. त्यातली मुख्य कलमं अशी:

कलम ३: भिंतीवर कोणत्याही हयात व्यक्तीचा चेहरा असू नये.

कलम ४: चित्र अर्ध-अमूर्त मानवाकृतींचे असावे व त्यातून भावना आणि गती व्यक्त व्हावी.

कलम ७: चित्राचा अर्थ ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्यास राहील.

सत्यजीतनी ‘अर्ध-अमूर्त’ ह्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि सुभानला बोलावून विचारलं, “जमंल का?”

“म्हंजी कसं असतंय ते?”

“माणूस हाय असं वाटलं पायजे, पण कोण हाय ते कळता कामा न्हाई.”

सुभाननं त्या लाल रेघेवरून बोट फिरवलं. तो एकतीस वर्षं वाट बघत होता त्या गोष्टीला सरकारी नाव होतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चेअरमन जयसिंगआप्पा खुर्चीतूनच म्हणाले, “काढ. पर भिंत संस्थेची हाय, ध्यानात ठेव. भलतंच कोन दिसलं तर सांजच्याला चुना.”

ही नुसती धमकी नव्हती. तिला पूर्वपीठिका होती. दोन वर्षांपूर्वी सुभाननं संस्थेच्या गोदामावर गायीशेजारी उभा असलेला एक माणूस काढला होता. दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या माणसाचं नाक विरोधी गटातल्या एकाच्या नाकासारखं आहे. संध्याकाळी माणसावर चुना बसला. गाय तशीच ठेवली, कारण ती कुठल्याच गटाची नव्हती.

दूध संकलन सकाळी सहाला सुरू होतं आणि भिंत त्याच अंगणात आहे. सुभान पाच मिनिटं आधी शिडीवर चढायचा. खालून बाया यायच्या, हातात दुधाच्या किटल्या घेऊन. संस्थेचे सभासद बहुतेक सगळे पुरुष आहेत, पण दूध घालायला पुरुष येत नाहीत. ते संस्थेच्या धोरणांवर चर्चा करायला चौकात थांबलेले असतात. (संचालक मंडळात दोन महिलाही आहेत. त्यांच्या वतीनं त्यांचे यजमान बैठकीला बसतात; सही मात्र त्या स्वतःच करतात, घरी.) ह्या बायांमध्ये सगळ्यात पुढं असायची तुळजाबाई. दोन गायी, बारा लिटर दूध, आणि लग्न होऊन आल्यापासून एक दिवसाचा खाडा नाही. उजव्या हातात किटली. उजवा खांदा खाली ओढलेला. तोल सांभाळायला डावा हात अंगापासून लांब, सरळ, थेट पुढे फेकलेला. त्या हाताकडे बघत सुभाननं कितीतरी सकाळी शिडीवर चहा गार केला होता.

अठरा दिवस त्यानं भिंत रंगवली. बारा आकृत्या काढल्या. गेरू, राख आणि मातकट पिवळा एवढेच रंग वापरले, कारण बाकीचे सगळे रंग कुठल्या ना कुठल्या पक्षानं आधीच घेऊन ठेवले होते. एकीलाही तोंड नव्हतं. पण एक पाय असा काही उचलला होता की बघणाऱ्याच्या पोटरीत गोळा यावा. पाठी वाकल्या होत्या, माना पुढे काढलेल्या होत्या, आणि शेवटची आकृती ओझं खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी होती. किटल्यांचे नुसते राखाडी फटकारे होते. सगळ्यात पुढे, खांदा उतरलेली, डावा हात लांब केलेली, तुळजाबाई.

त्याची बायको चांदबी डबा घेऊन आली. बराच वेळ बघून म्हणाली, “तोंडं कुठं हायती?”

“न्हाईत.”

“मंग मला का रडाय येतंय?”

सुभान त्या दिवशी फार आनंदात होता. इतका की भाकरी खाताना हात रंगाचे आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही.

संचालक मंडळ चित्र पाहायला आलं. संचालक अकरा होते. अकरा जण भिंतीसमोर उभे राहिले आणि प्रत्येकजण स्वतःला शोधू लागला. आता ह्यात हसण्यासारखं काही नाही. फ्लेक्सवर आपला फोटो शोधायची सवय असलेल्या नजरेला भिंतीवर दुसरं काय शोधायचं असतं हे माहीत नसतं.

सत्यजीतनी तर्क मांडला. भिंत संस्थेची. वर्ष पन्नासावं. आकृत्या पुढे चालल्या आहेत. संस्थेला पुढे कोण नेतं? संचालक. म्हणजे आकृत्या संचालकांच्या. हा तर्क इतका सरळ होता की कुणालाही त्याला हात लावावासा वाटला नाही.

आप्पांनी सुभानला विचारलं, “पुढचा कोन हाय?”

सुभाननं भिंतीकडे पाहिलं. बाजूलाच चुन्याचं पोतं ठेवलेलं होतं. “आप्पा, चित्रात भावना हाय,” तो म्हणाला.

“कुनाची?”

“ज्याला वाटंल त्याची.”

आप्पांना ती ताबडतोब वाटली. पुढे केलेला डावा हात म्हणजे विकासाची दिशा दाखवणारा हात, हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. उजव्या हातातला राखाडी फटकारा म्हणजे फाईल. उतरलेला खांदा म्हणजे जबाबदारीचं ओझं. “हुबेहूब हाय,” ते म्हणाले, “फकस्त तोंड न्हाई, तेवढं सोडलं तर.”

उरलेल्या दहा जणांसाठी ‘आकृती ओळख उपसमिती’ नेमली गेली. तिनं तीन बैठका घेतल्या आणि टेपनं भिंत मोजली. उंची, चेअरमनपासूनचं अंतर आणि डोक्याचा घेर असे तीन निकष ठरले. पृथ्वीराज यांच्या वाट्याला आलेल्या आकृतीचं डोकं पावणेदहा इंच भरलं आणि त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचं दहा. तेव्हा पृथ्वीराजांनी राजीनामा खिशातून अर्धा बाहेर काढला. सुभानला शिडी लावून पाव इंच डोकं वाढवावं लागलं. (ते डोकं खरं कुशाबाईचं होतं. तिला कळवलं नाही.) विनोद नावाच्या संचालकांची अडचण वेगळीच होती. त्यांच्या आकृतीची टाच जमिनीवरून उचललेली होती, आणि ऐन निवडणुकीत उचललेली टाच म्हणजे हा माणूस पक्ष सोडून निघाला असा अर्थ काढायला लोक मोकळे. विनोदनी लेखी खुलासा दिला की ती टाच केवळ गती व्यक्त करते. निष्ठा दुसऱ्या पायावर आहे.

अकरा संचालकांच्या अकरा आकृत्या लागल्या. बारावी उरली: कमरेवर हात देऊन उभी असलेली, दमलेली. ती घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी उपसमितीनं नोंद केली की बारावी आकृती सर्वसामान्य सभासदाची आहे. प्रत्येक आकृतीखाली पितळी पाटी बसवायचं ठरलं. बाराव्या पाटीवर कुणाचं नाव घालायचं हा विषय पुढच्या बैठकीवर टाकला. तो अजून तिथंच आहे.

पाट्या बसायच्या आदल्या सकाळी दूध घालून परतताना तुळजाबाई भिंतीपाशी थांबली. सुभान शिडीवर होता. तिनं आधी चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे.

“सुभानभाई, ह्यो हात माजा हाय.”

सुभाननं शिडी घट्ट धरली.

“किटली खाली ठेवली तरी त्यो असाच ऱ्हातोय,” ती म्हणाली. “घरात बी. सून हसती.” मग तिनं एकेक आकृती बघितली आणि बोटानं मोजली. “ही कुशी. ही साखरबाई. ही गिता. आन् ही मागं कमरेवं हात दिऊन उभी ती सारजा, नेहमीची.”

“व्हय.”

“नावं नका लिवू. न्हाईतर पुसत्याल.”

मग तिनं बाकीच्यांना हाक मारली. बारा बाया भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शेवटी सारजाबाईला खरंच कमरेवर हात द्यावा लागला. सत्यजीतनी हे कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं आणि अहवालात लिहिलं: ‘महिलावर्गाचा उत्स्फूर्त प्रतिसाद’.

उद्घाटन थाटात झालं. आप्पा भिंतीसमोर उभे राहिले, डावा हात पुढे केला, उजवा खांदा उतरवला, फोटो निघाले. आतापर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते त्यानंतर, कारण आप्पांनी हात खाली घेतलाच नाही.

आधी ते बैठकीला तसे आले. मग लग्नाला. मग दौंडला रेल्वेच्या पुलावरून चालताना त्यांचा पुढे आलेला हात बघून दोन प्रवाशांनी त्यांना फलाट विचारला. आप्पांचं बघून उरलेल्या संचालकांनीही आपापल्या पाटीप्रमाणे चालायला सुरुवात केली. विनोद एक टाच उचलून चालू लागले. पृथ्वीराज डोकं पाव इंच उंच ठेवून. महिनाभरात कार्यकर्त्यांनीही हीच चाल उचलली. तालुक्याच्या हाडांच्या डॉक्टरांकडे हिंगणमळ्याचे नऊ पेशंट एका आठवड्यात गेले. नवांचंही दुखणं उजव्या खांद्यात होतं आणि नवांनाही ते भूषण वाटत होतं. संस्थेनं आता अंगणातल्या बाकीच्या भिंती रंगवायला दिल्या होत्या; सुभान हे सगळं तिथल्या शिडीवरून बघायचा. त्याला पहिल्यांदा हसू आलं, मग कसंसंच वाटलं. चाल होती, पण तिच्यात किटलीच नव्हती.

आणि एका सकाळी सत्यजीतनी तुळजाबाईला अंगणात अडवलं.

“काकू, ह्ये काय लावलंय?”

“काय?”

“हात पुढं काढून चालताय. खांदा पाडून. आप्पांची नक्कल करताय व्हय?”

तुळजाबाईनं किटली खाली ठेवली. हात तसाच राहिला. सत्यजीतनी तो पुरावा म्हणून मोबाईलमध्ये टिपला. (किटली फोटोत आली नाही, सत्यजीतनी ती कापली, कारण ती विषयाला धरून नव्हती.) दुसऱ्या दिवशी ठराव क्रमांक १४ फळ्यावर लागला: संस्थेच्या आवारात पदाधिकाऱ्यांच्या चालीची नक्कल करणाऱ्या व्यक्तीचे दूध पुढील आदेश होईपर्यंत स्वीकारले जाणार नाही. त्या दिवशी तुळजाबाईचं बारा लिटर दूध परत गेलं. परत जाताना तिचा डावा हात आणखीच पुढे गेला होता, कारण भरलेली किटली घेऊन घरी जायची तिला सवय नव्हती.

सुभाननं हे शिडीवरून पाहिलं आणि त्याला जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर भिंतीवर चुना बसणार. एकतीस वर्षांत मनासारखं केलेलं एकच काम, तेही संध्याकाळच्या आत पांढरं होणार. नाही सांगितलं तर तुळजाबाईनं स्वतःच्या चालीनं चालायचं नाही. चांदबी म्हणाली, “भिंत परत मिळंल. तिचं दूध रोज नासतंय.”

सुभाननं स्वतःचा मोठा ब्रश घेतला, चुन्यात घालायचा, आणि तो बगलेत मारून कार्यालयात गेला. म्हणजे चुना मारायला दुसऱ्या कुणाला शोधायला नको. संचालक मंडळाची बैठक चालू होती.

“आप्पा,” तो म्हणाला, “नक्कल तुळजाबाई करत न्हाई. तुम्ही करताय.”

कार्यालयातला पंखाही क्षणभर थांबल्यासारखा वाटला. (लाईट गेली होती.)

“पुढची ती तुळजाबाई हाय. तुमच्या हातातली फाईल न्हाई, तिची किटली हाय. पृथ्वीराजदादा, तुमी कुशाबाई. विनोदभाऊ, तुमची टाच गिताची हाय, तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला व्हता. सगळ्या दूध घालाय येणाऱ्या बायाच हायती. मी रोज वरनं बघून काढल्यात. लावा चुना. ब्रश आणलाय.”

अकरा संचालकांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्यजीतनी शांतपणे परिपत्रक उघडलं आणि कलम सात वाचून दाखवलं. चित्राचा अर्थ ठरविण्याचा अधिकार पाहणाऱ्यास राहील. चित्रकार हा पाहणारा नव्हे, तो काढणारा. पाहणाऱ्यांनी टेपनं मोजून, तीन बैठका घेऊन, पितळी पाट्या लावून अर्थ ठरवलेला आहे आणि तो कार्यवृत्तात आहे. सबब, काढणाऱ्याचं म्हणणं नोंद घेण्यायोग्य नाही.

“त्याला उन्हाचं लागलंय,” आप्पा मायेनं म्हणाले. “दिसभर शिडीवं. बस, पानी पी.”

सुभान पाणी प्यायला. चित्र वाचलं होतं आणि ते वाचल्याचा त्याला आनंद झाला होता, ह्याची त्याला लाज वाटली. त्यानं पेला ठेवला, पण ब्रश खाली ठेवला नाही. “मंग तुळजाबाईचं काय?” तो म्हणाला. “तिचा हात न्हाई जात माघारी. तिचं दूध घ्या, न्हाईतर मीच भिंतीवं चढतो. आत्ताच्या आत्ता.”

आता प्रश्न गंभीर झाला. भिंत पांढरी झाली तर अकरा पाट्या कशाखाली राहणार? अर्धा तास चर्चा झाली आणि आप्पांच्या थोर मनातून तोडगा निघाला. ठराव क्रमांक १५: श्रीमती तुळजाबाई यांना, मा. चेअरमनसाहेबांच्या चालीपासून प्रेरणा घेऊन चालण्यास, विशेष बाब म्हणून, परवानगी देण्यात येत आहे. त्यांनी आभाराचे पत्र द्यावे.

सत्यजीत परवानगीचा कागद घेऊन अंगणात आले. तुळजाबाईनं तो वाचून घेतला, आभाराच्या पत्रावर सही केली आणि किटली उचलली.

“आदी चालत व्हते, आता बी चालते,” ती म्हणाली. “बाजूला व्हा, दूध तापंल.”

पुढच्या आठवड्यात उरलेल्या बायांपैकी दहा जणींनाही परवानग्या मिळाल्या. सारजाबाईला मात्र मिळाली नाही, असं नंतर लक्षात आलं. कमरेवर हात देऊन उभं राहण्याला कुठल्याच पदाधिकाऱ्याची प्रेरणा नसल्यामुळे तिला परवानगीची गरज नाही, असं उपसमितीनं कळवलं. ती पूर्वीसारखीच फुकट दमते.

भिंत अजून आहे. कधी त्या बाजूला गेलात तर बघून या. पण जाण्याआधी एक नोंद करायची राहिली. आप्पांना हसत हसत आपण इथवर आलात, आणि येताना आपणही ह्या गोष्टीत स्वतःसाठी एक जागा शोधलीत: बहुतेक सुभानच्या शेजारी, ब्रश बगलेत मारून, कार्यालयात खरं बोलताना. उपसमितीच्या नोंदीप्रमाणे आजवरचे सगळे वाचक तिथंच उभे आहेत आणि आत आता पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी प्रत्यक्षात तिथं सुभान एकटाच होता.

बारावी पाटी अजून कोरी आहे. तिच्यासाठी एकही अर्ज आलेला नाही. आपली तयारी असेल तर कार्यालयीन वेळेत यावं. येताना भरलेली किटली घेऊन यावी.